मायेची बाई आणि शिकलेली बाई

नगरच्या सावेडीतल्या एखाद्या घरात विशेष मुलाला सांभाळायला बाई शोधायची वेळ आली, की अटी ठरलेल्या असतात. बाई मायेची हवी, हात स्वच्छ हवा, सुट्ट्या फार घेणारी नको. तिला हे काम येतं का, असं कुणी विचारत नाही, कारण यात येण्यासारखं काही आहे हेच आपल्याला पटलेलं नसतं. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड हा पट्टा निवृत्त प्राध्यापकांचा, बँकेतल्या माणसांचा, धडधाकट मुलं पुण्याला नाहीतर त्याहून लांब गेलेल्या आईबापांचा. गाडीवर ड्रायव्हर ठेवताना लायसन्स मागणारी ही मंडळी. पण बोलता न येणारा तीस वर्षांचा मुलगा दिवसभरासाठी कुणाच्या हाती सोपवताना ‘बाई मायाळू दिसते’ एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

याचं समर्थन करणारा पहिला युक्तिवाद ऐकायला फार गोड आहे : आईला कुणी शिकवलं होतं? आईला शिकवलं त्या मुलानंच, वीस-पंचवीस वर्षं, रात्री जागवून आणि चुका सोसून. तिला मिळालेल्या त्या वर्षांच्या बदल्यात नव्या बाईला आपण देतो दहा मिनिटं. त्यात चहाची साखर कुठे, औषधाचा डबा कुठे आणि ‘चिडला की टीव्ही लावा’ एवढं सांगून होतं. शिवाय आईला सगळं येतं, हेही खरं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवायची सवय घरोघर दिसते. माया ओसंडून वाहत असते आणि वरणभात श्वासनलिकेकडे सरकत असतो. अशा मुलाला वरचेवर न्यूमोनिया होतो, तेव्हा घरचे थंडीला आणि केळ्याला दोष देतात. त्याला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली ठेवायची, आपण उभं न राहता त्याच्या नजरेच्या पातळीवर बसायचं, चमचा लहान घ्यायचा आणि पहिला घास उतरल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा पुढे करायचा नाही. यात अवघड काही नाही. पण कुणीतरी शेजारी बसून एकदा दाखवल्याशिवाय ते सुचतही नाही.

फिटचंही तसंच. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, तरी कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं आणि दातांत चमचा घालणं हे तिन्ही उपाय अजून जोरात आहेत. चमच्यानं दात तुटतो, जीव वाचत नाही. माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवावं, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात पाणी घालू नये आणि घड्याळ बघावं. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर वाट न बघता दवाखाना गाठावा. घाबरलेल्या मायेला घड्याळ बघायचं सुचत नाही. ते सरावानं येतं.

मारकुटेपणाच्या बाबतीत तर माया उलटते. ‘चावतो’, ‘डोकं आपटून घेतो’, ‘अंगात आल्यासारखं करतो’ अशी वर्णनं आपण ऐकतो आणि मुलाचा स्वभावच तसा, असं ठरवून टाकतो. ज्याला शब्द नाहीत त्याची दाढ दुखली तर त्यानं काय करावं? कान ठणकला, चार दिवस पोट साफ झालं नाही, नव्या पडद्याचा भडक रंग सहन झाला नाही, तर सांगावं कसं? शिकलेली बाई वहीत तीन रकाने आखते : आधी काय घडलं, मग त्यानं काय केलं आणि त्यानंतर आपण काय केलं. तिसरा रकाना सगळ्यात बोचरा, कारण मूल ओरडलं की मोबाइल हातात द्यायची सवय आपणच लावलेली असते, हे तिथे दिसतं. पंधरवड्याची वही चाळली तर बऱ्याच वेळा कारण सापडतं. न शिकलेल्या बाईजवळ ही वही नसते, फक्त सहनशक्ती असते, आणि ती चौथ्या चाव्याला संपते. मग चापटी बसते. त्या बाईला क्रूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण चापटीशिवाय दुसरं काही तिच्या हातात आपण कधी दिलं होतं?

दुसरा आक्षेप जरा शिकलेल्या लोकांचा : हे तज्ज्ञांचं काम आहे, अडाणी बाईला त्यातलं काय कळणार? तज्ज्ञ हवेतच. पण थेरपिस्ट भेटतो आठवड्यातून एकदोनदा, पाऊण तास. उरलेले सगळे तास अंघोळ, जेवण, शी-शू, कपडे, फेरफटका आणि कंटाळा यांचे असतात, आणि ते बाईचे असतात. तज्ज्ञानं सांगितलेलं त्या तासांत उतरलं नाही तर फाइलमध्ये राहतं. तज्ज्ञ नसलेल्यांना हे जमणारच नाही, हा मुद्दा तर गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेनं केव्हाच निकालात काढला आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा हे शिकवण्याचं काम त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या कार्यकर्त्यांकडून करून घेतलं. त्याची चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आली. मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, आईवडिलांचं प्रतिसाद देणं सुधारलं. त्या कार्यकर्त्यांच्या मागे देखरेख होती, ही गोष्ट मात्र नजरेआड करायची नाही.

प्रशिक्षण नसल्याची किंमत काय असते, हे बघायला आता शिरूरबद्दल. नगरहून पुण्याला जाताना आपण सगळे शिरूरला चहाला थांबतो. तिथल्या मतिमंद मुलींच्या सरकारी वसतिगृहातल्या तरुणींना फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण असं सांगितलं गेलं, की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते उभे राहिले, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वेळी वाद झाला तो हक्कांचा, संमतीचा, शरीरावरच्या अधिकाराचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यातला एक साधा प्रश्न बाजूला पडला : त्या मुलींच्या रोजच्या सोबत असणाऱ्या बायकांना पॅड बदलायला शिकवावं कसं, हे कुणी शिकवलं होतं का? हे काम पायऱ्या पाडून शिकवता येतं. कॅलेंडरवर खूण करायची, डाग ओळखायला शिकवायचं, शेवटची पायरी आधी तिच्याकडून करून घ्यायची आणि मग एकेक पायरी मागे सरकायचं. सौम्य आणि मध्यम अपंगत्व असलेल्या अनेक मुली काही महिन्यांत हे शिकतात. ज्या शिकत नाहीत त्यांना मदत लागते, आणि मदतीसाठी माणसं लागतात, अंघोळीच्या वेळी दार लावून घेण्याचं भान असलेली. व्यवस्थेनं हिशेब केला तो असा, की माणसं तयार करण्यापेक्षा अवयव काढणं सोपं. प्रशिक्षणाला ‘चैन’ म्हणणाऱ्यांनी ही किंमत कधीतरी मोजून बघावी.

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. बाईला शिकवा, चार महिन्यांत ती बायका पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत दुसऱ्या घरी पाचशे रुपये जास्त घेऊन निघून जाते. खरं आहे. मी तिच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. शिकलेल्या हाताला न शिकलेल्या हाताइतकाच पगार देऊन वर निष्ठेची अपेक्षा करणं हा आपला मध्यमवर्गीय लबाडपणा आहे. आणि ती गेली तरी जाते कुठे? भिस्तबागेतल्या नाहीतर तपोवन रोडवरच्या दुसऱ्या अशाच मुलाकडे. गावाचं नुकसान काय झालं?

इथे प्रशिक्षणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. त्यांचा सगळा जीव प्रमाणपत्रात अडकलेला असतो. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ योजना आहे, भारतीय पुनर्वास परिषदेचे काळजीवाहकांसाठीचे अभ्यासक्रम आहेत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कागद चांगले आहेत. पण शिक्षणाची अट, वर्गातली व्याख्यानं, शेवटी परीक्षा आणि फोटो, या वाटेनं जी बाई खरोखर अंघोळ घालते ती दारातच अडते. जी पास होते तिला वहीतला मेंदू पाठ असतो, पण पलंगावरून खुर्चीत माणूस उचलताना स्वतःची कंबर कशी वाचवायची ते ठाऊक नसतं.

नगर जिल्ह्याला याचं उत्तर बाहेरून आणायची गरजच नाही. ते जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, कितीतरी निरक्षर. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण हाताळता येऊ लागलं आणि जग ते बघायला आलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आपण कौतुक करतो ते त्या बायकांच्या जिद्दीचं, आणि पद्धत विसरतो. त्या एकदा शिकून गेल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा, आठवड्याच्या आठवड्याला येत राहिल्या, गावात अडलेलं सांगत राहिल्या, एकमेकींकडून शिकत राहिल्या. अडल्या प्रसंगी मागे डॉक्टर होता.

‘ते आरोग्याचं, हे वेगळं’ असं म्हणता येईल. वेगळं आहे, पण ही पद्धत इथेही लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेनं विकासात्मक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांसाठी जो कार्यक्रम आखला आहे, त्यात नऊ गटबैठकांना जोडून तीन गृहभेटी आहेत. तत्त्व तेच : शिकवणारा शिकणाऱ्याच्या घरी जातो, कारण अडचण वर्गात येत नाही, मोरीत येते.

सावेडीत हे करायला इमारत लागत नाही. दहा-बारा घरांनी मिळून आठवड्यातल्या एका दुपारी आपापल्या बाईला दोन तास सोडावं, त्या दोन तासांचा पगार कापू नये, आणि महिन्यातून दोनदा एखाद्या विशेष शिक्षिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला तिथे बोलवावं, मग आळीपाळीनं घरी. वाटून घेतलं तर हा खर्च एका घराच्या महिन्याच्या केबल-इंटरनेटच्या आसपास बसेल, असा माझा अंदाज आहे. आईनंही त्या बैठकीला बसावं, बाईच्या शेजारी, खुर्ची असेल तर दोघींना खुर्ची. मुलाला काय आवडतं, कुठला आवाज सहन होत नाही, फिट येण्याआधी तो कसा दिसतो, तहान लागली की कुठली खूण करतो, हे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवावं. बाई बदलली तरी तो कागद घरात राहतो, आणि पुढच्या बाईला पहिल्या दिवशी साखरेच्या डब्याआधी तो दाखवता येतो.