दरीला कसला आलाय ऑफ-सीझन?

परवा एका ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात फिरत आली. 'सांदण दरी, ऑफ-सीझन स्पेशल. गर्दी नाही, रेट कमी, पाऊस फुल्ल.' तारीख जुलैतली. ग्रुपचं नाव देत नाही, कारण असे पन्नास आहेत.

(आधीच सांगतो, मी खंडाळ्याचा, पण साताऱ्याच्या, खंबाटकीच्या पायथ्याचा. लोणावळ्याजवळच्या नव्हे. कमेंटमध्ये बंगल्याचे रेट विचारू नका.)

ऑफ-सीझन हा हॉटेलवाल्यांचा शब्द. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या खोल्या रिकाम्या पडतात, भाडं उतरतं. ठीक आहे, धंदा आहे. पण तोच शब्द सांदणला चिकटवणं म्हणजे लोकांना पुरात उतरायचं तिकीट सवलतीत विकणं आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी. अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुका, साम्रद गाव. भंडारदऱ्याच्या पुढं, रतनगडाच्या शेजारी. दरी म्हटलं तरी हे रुंद खोरं नाही, काळ्या कातळाला पडलेली भेग आहे. दीड-दोन किलोमीटर लांब, दोन्ही अंगाला दोन-तीनशे फुटांच्या भिंती, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की ऊन तळापर्यंत पोचत नाही. कोरड्या दिवसांतही सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात, कमरेपर्यंत भिजवणारे. पुढं मोठाले धोंडे, मग दोर लावून उतरायचे टप्पे आणि खाली कोकण.

ते धोंडे तिथं आले कसे, याचा विचार केलाय कधी? पाण्यानं आणले. पावसाळ्यात साम्रदच्या पठारावरचं पाणी याच भेगेतून खाली कोसळतं. तेव्हा ती दरी नसतेच, नदी असते. आत बाजूला सरकायला जागा नाही, वर चढायला वाट नाही. मी एका जुलैत तोंडाच्या अलीकडपर्यंत गेलोय. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सोबतच्या गावातल्या पोरानं तिथूनच मागं फिरवलं आणि आम्ही गपगुमान फिरलो.

'पाऊस थांबला की जाऊ', हे आणखी एक शहाणपण. अमेरिकेत ॲरिझोनात अँटिलोप कॅन्यन आहे, अशीच अरुंद भेग. 12 ऑगस्ट 1997 ला तिथं 11 पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता काही मैल वर. त्यानंतर तिथं नियम झाला: स्थानिक नावाहो गाईडशिवाय आत पाऊल नाही. म्हणजे जागा कुणाच्या ताब्यात दिली? ज्यांना तिथलं आभाळ वाचता येतं त्यांच्या.

आपण काय करतो? आदेश काढतो. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, साऱ्या राज्यानं तो व्हिडिओ पाहिला. लगेच जमावबंदी, लगेच फलक. पूर्वी कलम 144 होतं, आता 163 आहे. आकडा बदलला, बाकी तेच. इकडं साताऱ्यात ऑगस्ट 2024 मध्ये पर्यटनस्थळं बंद ठेवण्याचा आदेश होता आणि त्याच दिवसांत बोरणे घाटात सेल्फी घेताना एक तरुणी दरीत कोसळली. तिला वर काढलं कुणी? आदेशानं नाही. दोरावर खाली उतरलेल्या होमगार्डनं आणि गावकऱ्यांनी.

यावर ठरलेली कमेंट येणार, 'पब्लिकलाच अक्कल नाही, मरू दे'. मला हे मान्य नाही. पुण्या-मुंबईच्या पोराला सांदणचं पाणी कळणार कसं? त्याला रील दिसतं, रेट दिसतो. ज्याला कळतं तो साम्रदचा महादेव कोळी नाहीतर ठाकर पोरगा. कोरड्या दिवसांत तो वाट दाखवतो, तंबू लावतो, घरातली बाई भाकरी-पिठलं करून वाढते. पावसाळ्यात भातलावणी असते, पण हातात रोकड नसते. अशा वेळी शहरातून फोन येतो, 'पोरं आणलीत, तोंडापर्यंत तरी ने.' त्यानं नाही म्हणायचं ते कुणाच्या जीवावर? चुलीच्या?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शिरताना नाक्यावर माणशी आणि गाडीमागं पैसे घेतात. चांगलं आहे, घ्यावेत. त्यातूनच चार महिने साम्रदच्या पोरांना रोज द्या. दरीच्या तोंडाशी दोघं, गावच्या फाट्यावर दोघं, हातात शिट्टी, अंगावर वनखात्याचं जॅकेट आणि गाडी परत पाठवायचा अधिकार. ठोसेघरला, भांबवलीला तेच करा. होमगार्डला तरी ड्युटी लागेल तेवढ्याच दिवसांचा भत्ता मिळतो, मग ड्युटी पावसाळाभर लावायला अडचण कसली?

आणि जाहिरात करणाऱ्यांवर गुन्हा नोंदवा. बंदीच्या काळात बुकिंग घेणं हा काय नुसता आगाऊपणा आहे? धबधब्यात भिजणाऱ्या पोरांना उठाबशा काढायला लावून व्हिडिओ टाकणं सोपं असतं, पण ज्यानं माणशी पैसे घेऊन बस भरून आणली त्याचा नंबर तर पोस्टरवरच छापलेला असतो.

यंदाचा बंदी आदेश हातात पडला की एकच बघा. दरीच्या तोंडाशी कोण उभा राहणार आणि त्याला रोज किती, हे त्यात कुठं लिहिलंय का?