१५ वर्षांनंतर भंगार, ५० वर्षांनंतर वारसा. मग मधल्या जुन्या पिकअपचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सने नवी सिएरा बाजारात आणली आणि नव्वदच्या दशकात वाढलेल्या पिढीला जुनी सिएरा आठवली. तीन दरवाजे, मागे छताकडे वळलेल्या मोठाल्या काचा, दाराला टांगलेलं स्टेपनीचं चाक. ती गाडी आली होती १९९१ मध्ये. पण तिचा सांगाडा कुठून आला होता, हे फार कमी जणांना माहीत असतं. तो आला होता एका पिकअपमधून.

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये टाटामोबाइल नावाचा पिकअप आणला. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, खाली शिडीसारखी मजबूत चॅसी आणि साधारण दोन लिटरचं डिझेल इंजिन. याच पायावर पुढे सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो उभी राहिली. सुमंत मुळगावकरांच्या नावातून जिचं नाव तयार झालं, तीच ही सुमो. थोडक्यात, भारतीय रस्त्यांवरच्या तीन गाजलेल्या गाड्यांचा पूर्वज म्हणजे दूध, भाजी आणि सिमेंट वाहणारा हा पिकअप.

आता समजा, अशा एका घरामागच्या शेडमध्ये १९९० सालचा टाटामोबाइल उभा आहे. वडिलांनी धंद्यासाठी घेतलेला, दहा वर्षांपासून बंद पडलेला. मुलाला तो विकायचा नाही, घरीच दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायचा आहे. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर अशा ‘रिस्टोरेशन’चे व्हिडिओ भरपूर दिसतात. दहा मिनिटांत गंजलेला डबा चकचकीत गाडी होऊन बाहेर येतो. पण व्हिडिओत एक गोष्ट सहसा दिसत नाही. ती म्हणजे आरसी बुक. आणि भारतात खरी अडचण तिथेच आहे.

घरच्या गॅरेजमध्ये नेमकं काय काम असतं?

काम सुरू होतं गंजापासून. पिकअपमध्ये पाणी साचण्याच्या जागा ठरलेल्या असतात. केबिनचा तळ, दारांच्या खालच्या कडा, काचेच्या रबराखालचा पत्रा आणि हौद्याची जमीन. वरून पुट्टी लावून रंग मारला तर गाडी सहा महिने छान दिसते, मग फुगे येतात. योग्य पद्धत म्हणजे सडलेला पत्रा कापून काढायचा, त्या मापाचा नवा तुकडा वेल्ड करायचा, मग प्रायमर आणि शेवटी रंग.

त्यानंतर येतात ब्रेक. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकचे सिलिंडर आणि रबरी पाइप निकामी झालेले असतात. इंजिन सुरू झाल्याचा आनंद मोठा असतो, पण आधी गाडी थांबली पाहिजे. वायरिंगचंही तसंच. उंदरांनी कुरतडलेल्या जुन्या वायरी तुकड्या-तुकड्याने जोडण्यापेक्षा पूर्ण हार्नेस बदलणं सुरक्षित असतं.

सुट्या भागांबाबत टाटामोबाइलचं नशीब बरं आहे. सुमोसारख्या गाड्या त्याच पायावर बनल्याने काही भाग जुळू शकतात. बाकीच्यांसाठी पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार किंवा कुर्ल्याचं भंगार मार्केट पालथं घालावं लागतं.

घरी काम करताना तीन गोष्टींकडे दुर्लक्ष महागात पडतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेत. इंधनाची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ उरलेली असते, त्यामुळे तिला घरी वेल्डिंग करायचं नाही. आणि जुन्या रंगात शिसं, तर जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ मास्कशिवाय, तेही घरातल्या मुलांच्या आसपास, उडवायची नाही.

आधी कागद, मग पाना

पत्रा कापण्याआधी बघायची गोष्ट म्हणजे चॅसी नंबर. तो चॅसीवर ठोकलेला असतो आणि नेमका तोच भाग गंजलेला असू शकतो. गंज काढण्याच्या भरात तो नंबर घासला गेला किंवा कापला गेला, तर गाडीची ओळखच पुसली जाते. नंबर वाचता येत नसेल तर स्वतः पुन्हा ठोकायचा नाही. आरटीओकडे जाऊन परवानगीनेच ते काम करायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदणीची ऑनलाइन नोंद. महाराष्ट्रात ‘एमएच’ने सुरू होणारे क्रमांक १९८९ पासून आले. त्याआधीच्या आणि त्या काळातल्या अनेक गाड्यांची माहिती फक्त कागदी पुस्तकात असते, ‘वाहन’ पोर्टलवर नसते. अशा वेळी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय ऑनलाइन कामं अडतात. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बंधनकारक केली आहे. शेडमधून रस्त्यावर येणाऱ्या पिकअपलाही ती लागणार.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेलं स्क्रॅपेज धोरण खाजगी मालकाला वय झालं म्हणून गाडी भंगारात काढायला लावत नाही. सरकारी वाहनांचा नियम वेगळा आहे. त्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढवणं १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं आहे.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मात्र त्यासाठीचं शुल्क झपाट्याने वाढलं आहे. हलक्या मोटार वाहनासाठी ते एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आलं. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. म्हणजे नोंदणी संपून दहा वर्षं झाली असतील, तर नुसता विलंबच ६०,००० रुपयांचा.

पिकअपच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. बहुतेक जुने पिकअप मालवाहू म्हणून, म्हणजे पिवळ्या प्लेटवर नोंदलेले असतात. मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते नसेल तर नोंदणी वैध धरली जात नाही. नोव्हेंबर २०२५ च्या केंद्राच्या दरपत्रकानुसार २० वर्षांहून जुन्या हलक्या वाहनाच्या फिटनेस तपासणीचं शुल्क १५,००० रुपये आहे. ट्रक आणि बससाठी ते २५,००० रुपये आहे.

हौसेखातर ठेवलेला पिकअप खाजगी वाहन म्हणून नोंदवायचा असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज, आरटीओची मंजुरी आणि कराचा हिशोब आला. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आहे. खाजगी गाडीला तो १५ वर्षांनंतर आणि मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर लागतो.

५० वर्षं झाली की काय बदलतं?

इथे कायद्याचा सूरच बदलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, वैधता दहा वर्षांची आणि नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्याने नोंदणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो.

अटी मात्र कडक आहेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती मूळ रूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत.

म्हणजे साठच्या दशकातला महिंद्राचा विलीज पिकअप मूळ रूपात जपला असेल, तर त्याला हा मान मिळू शकतो. १९९० च्या टाटामोबाइलला त्यासाठी २०४० पर्यंत थांबावं लागेल.

मधल्या ३५ वर्षांचा प्रश्न

सगळी गोम इथेच आहे. १५ वर्षांनंतर कायद्याच्या नजरेत गाडी फक्त ‘जुनी’ होते आणि दर वर्षी महाग होत जाते. ५० वर्षांनंतर ती अचानक वारसा ठरते. मधल्या ३५ वर्षांत रोज मालाच्या दहा खेपा करणारा धूर ओकणारा पिकअप आणि महिन्यातून एका रविवारी शेडबाहेर निघणारा जपलेला पिकअप यांत नियम काहीच फरक करत नाहीत.

शेडमधला पिकअप मालवाहू म्हणूनच नोंदलेला राहिला, तर २०२६ ते २०३९ या १४ वर्षांत फिटनेसचं शुल्कच २,१०,००० रुपये होतं. तेही आजचे दर तसेच राहिले असं धरून. दुरुस्तीचा खर्च वेगळाच. एवढा भार पाहून बरेच मालक सोपा मार्ग धरतात आणि गाडी भंगारवाल्याला देतात. म्हणजे जी गाडी ५० वर्षं टिकली तर कायदा तिला मान देईल, ती ५० वर्षं टिकू नये अशीच रचना त्याच नियमांतून तयार होते.

अर्धवट माहितीवर केलेलं रिस्टोरेशनही इथे अंगाशी येतं. जुनं इंजिन काढून दुसऱ्या कंपनीचं ताकदवान इंजिन बसवणं, हौदा कापून मागे सीट लावणं, रुंद टायर घालणं हे व्हिडिओत भारी दिसतं. पण जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. रंग बदलता येतो, त्याची नोंद मात्र आरसीत करावी लागते. इंजिन बदलायला आरटीओची पूर्वपरवानगी लागते. शिवाय आज केलेला मोठा फेरफार उद्या व्हिंटेज नोंदणीच्या आड येऊ शकतो.

सरकारची बाजू काय?

ती पोकळ नाही. १९९० सालच्या डिझेल गाडीवर धुराचे आजच्यासारखे निकष नव्हतेच. बीएस-६ लागू झालं एप्रिल २०२० मध्ये. जुन्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. जुनी वाहनं जास्त प्रदूषण करतात आणि त्याची किंमत रस्त्याकडेला राहणारे लोक आपल्या फुप्फुसांनी मोजतात, हे नाकारता येत नाही.

दिल्ली परिसराने म्हणूनच टोकाची वाट धरली. तिथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई थांबवली. डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित केला. महाराष्ट्रात वयाची अशी सरसकट बंदी नाही.

इतर देश कुठे रेघ ओढतात?

जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ ३० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत ३० वर्षांनंतर तपासणी करून ‘एच’ अक्षराची खास नंबर प्लेट मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर, मोठे फेरफार नसतील तर, रस्ते करातून आणि वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते.

पिकअपवर जीव टाकणाऱ्या अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धूर तपासणीतून सूट आहे. ही सूट ३५ वर्षांहून जुन्या गाड्यांना द्यावी, यासाठी कॉमेडियन आणि गाड्यांचे संग्राहक जे लेनो यांनी जोर लावला होता. ते विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये विधिमंडळाच्या समितीतच अडकलं. अडचण तीच होती, हवेची.

मग मार्ग काय?

भारतात ५० ऐवजी ३० वर्षांची रेघ ओढावी, अशी सरसकट मागणी केली तर धूर सोडणाऱ्या हजारो मालवाहू गाड्याही त्या दारातून आत येतील. पण वयासोबत वापर मोजला तर प्रश्न सुटू शकतो. ३० वर्षांनंतर मूळ रूपात असलेल्या गाडीला मर्यादित वापराची नोंदणी द्यायची, वर्षाला ठरावीक किलोमीटरचीच मुभा ठेवायची, धंद्याला बंदी घालायची आणि ब्रेक व धुराची तपासणी कायम ठेवायची. व्हिंटेज नियमांतल्या बहुतेक अटी तशाच खाली आणता येतील. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, नियमांत बदल पुरेसा आहे.

तोपर्यंत शेडमधल्या पिकअपसमोर उभ्या असलेल्या मुलासाठी क्रम सोपा आहे. आधी चॅसी नंबर आणि आरसी जुळतात का ते बघायचं. मग आरटीओत जाऊन थकलेला कर, विलंब शुल्क आणि नोंदणीचा प्रकार यांचा लेखी हिशोब घ्यायचा. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवायचा, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं सांभाळायची. २०४० मध्ये गाडी मूळ रूपात असल्याचं दाखवायची वेळ आली, तर हीच फाइल कामाला येईल. आणि हे सगळं झाल्यावरच पत्र्याला हात लावायचा.