फटक्याआधीचा पवित्रा

गोल्फ म्हटले की आपल्या घरांतून एकच उद्गार निघतो, “तो साहेबांचा खेळ!” हे खोटे नाही. पण चेंबूरचे असो की येरवड्याचे, गोल्फचे मैदान एकट्या साहेबांच्या बळावर चालत नाही. पहाटे गवत कापणारे, पाणी देणारे आणि खेळाडूची जड बॅग खांद्यावर घेऊन चालणारे कॅडी हे सारे कष्टकरी घरांतलेच असतात. अठरा भोकांचा पूर्ण डाव म्हणजे सहा-सात किलोमीटरची चाल. एवढे चालताना डोळे उघडे ठेवणारा पोरगा खेळ शिकल्यावाचून राहत नाही.

अशाच काही तरुणांनी आम्हाला विचारले, “दुसऱ्याचा खेळ पाहून आम्हाला सगळे कळते. पण मैदान बंद असते त्या दिवशी स्वतः मारायला गेलो की चेंडू भलतीकडेच जातो. असे का?”

बंधूंनो, याचे उत्तर बहुतेक वेळा फटक्यात नसते, फटक्याच्या आधी असते. कुस्तीत पवित्रा चुकला तर डाव लागत नाही. गोल्फचेही तसेच आहे. अमेरिकेचा जॅक निकलॉस याने सर्वांत मोठ्या समजल्या जाणाऱ्या स्पर्धा १८ वेळा जिंकल्या. फटक्याआधी नीट उभे राहणे हीच या खेळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे तो सांगत आला. त्याचे कारण साधे आहे. चेंडू आणि काठी यांची गाठ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरतीच पडते. त्या क्षणात कोणालाही काही सुधारता येत नाही. उभे राहताना मात्र चेंडू जागचा हलत नसतो. आपण पाहू शकतो, तपासू शकतो आणि चुकले तर पुन्हा उभे राहू शकतो.

चेंडू मारण्याच्या काठीलाही क्लब म्हणतात आणि संस्थेलाही क्लब म्हणतात. घोळ नको म्हणून येथे आम्ही काठीच म्हणू. पुढील सर्व माहिती उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलट समजून घ्यावी.

पकड. डावा हात वर, उजवा खाली. डाव्या हातात काठी तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी तिरपी धरावी. खाली पाहिले असता डाव्या हाताची दोन किंवा अडीच बोटपेरे दिसली पाहिजेत. उजव्या हाताचा तळवा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखा बसावा. उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवावी, तर्जनीत अडकवावी किंवा दहाही बोटे काठीवर ठेवावीत. तिन्ही रीती चालतात. मुख्य चूक असते ती करकचून धरण्याची. ओली चादर पिळताना मनगटे जशी ताठरतात तशी येथे ताठरली की फटक्याचा जोर मनगटातच अडकतो. हातात अंडे घेतो तसे धरावे. ते पडू नये आणि फुटूही नये.

नेम. बहुतेक तरुण थेट चेंडूजवळ जातात, पाय रोवतात आणि मग मान वळवून झेंडा कुठे आहे ते पाहतात. हा क्रमच उलटा आहे. आधी चेंडूच्या मागे दोन-तीन पावले उभे राहावे. चेंडूपासून झेंड्यापर्यंत डोळ्यांनी रेघ ओढावी. त्या रेघेवर, चेंडूच्या पुढे दोन-तीन फुटांवर एखादे वाळके पान किंवा गवताचा वेगळा ठिपका हेरावा. दीडशे मीटरवरच्या झेंड्यावर नेम धरण्यापेक्षा दोन फुटांवरच्या पानावर धरणे सोपे असते. निकलॉस हीच रीत वापरीत असे.

मग चेंडूजवळ येऊन आधी काठीचे तोंड त्या पानाकडे सरळ लावावे आणि त्यानंतर पाय मांडावेत. पाय, गुडघे, कंबर व खांदे झेंड्याकडे रोखायचे नसतात. रेल्वेचे दोन रूळ डोळ्यांसमोर आणा. एका रुळावर चेंडू व झेंडा, दुसऱ्या रुळावर आपली पावले. दोन्ही रूळ समांतर चालतात, कोठेही मिळत नाहीत. खांदे झेंड्याकडे रोखले की शरीराची दिशा नेमापेक्षा उजवीकडे जाते. मग हात ती चूक सावरायला धावतात आणि चेंडू कधी उजवीकडे तर कधी डावीकडे जातो. हिशेब करून पाहा. दिशेत फक्त एका अंशाची चूक झाली तर २०० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो. तीन अंशांची चूक झाली तर दहा मीटरांहून अधिक.

चेंडूची जागा. सर्वांत लांब काठी ड्रायव्हर. तिने मारताना चेंडू टीवर असतो आणि तो डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर हवा. काठी खालून वर येऊ लागते तेव्हा तिची व चेंडूची गाठ पडते. आखूड लोखंडी काठ्यांनी मारताना चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर ठेवावा. तेथे काठी वरून खाली येत आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागते. मधल्या काठ्यांसाठी चेंडू मध्याच्या किंचित पुढे असावा. आखूड काठीने नेहमी माती आधी उडत असेल तर चेंडू फार पुढे तर नाही ना, हे पहिल्यांदा तपासावे.

उभे राहणे. ड्रायव्हर हाती असेल तेव्हा पायांत खांद्यांएवढे अंतर हवे. काठी आखूड होत जाईल तसे पायही जवळ घ्यावेत. पाठीला पोक काढून वाकू नये. पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या सांध्यातून पुढे झुकावे. गुडघे किंचित सैल, वजन टाचांवर किंवा बोटांवर न ठेवता पावलांच्या मधोमध. हात खांद्यांपासून सहज लोंबकळू द्यावेत. उजवा हात खाली असल्यामुळे उजवा खांदाही थोडा खाली येतो. तो ओढून वर घेऊ नये. हनुवटी छातीला टेकवू नये, कारण मग खांद्यांना फिरायला जागा राहत नाही.

एवढे सारे करायला किती वेळ लागतो? सवय झाली की अर्धा मिनिटही लागत नाही. २०१९ पासूनच्या नियमावलीत एक फटका ४० सेकंदांच्या आत मारावा अशी शिफारस आहे. क्रम मात्र दर वेळी तोच ठेवावा.

कॅडी भावांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. पूर्वी कॅडी मागे उभा राहून खेळाडूचा नेम बरोबर आहे की नाही ते सांगत असे. २०१९ पासून हे बंद झाले. खेळाडू पाय मांडू लागला की फटका होईपर्यंत कॅडीने नेम दाखवण्यासाठी त्याच्या मागे रेघेवर उभे राहू नये. तसे झाल्यास दंड खेळाडूला बसतो. फटक्यांच्या मोजणीच्या स्पर्धेत तो दोन फटक्यांचा असतो. दिशा कळावी म्हणून पायांपाशी काठी आडवी ठेवणेही स्पर्धेत चालत नाही. सरावात मात्र ती खुशाल ठेवावी.

आता कोणी विचारील, पकड शास्त्राप्रमाणे नसेल तर माणूस खेळूच शकत नाही काय? याला एक मोठे उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे सेवसुंकर ऊर्फ पापवा सेवगोलम नावाचा भारतीय वंशाचा गरीब कॅडी होता. त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याची पकड सर्वांच्या उलट होती, डावा हात खाली आणि उजवा वर. त्या पकडीवर त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ साली डर्बनमध्ये नाताळ प्रांताची खुली स्पर्धा त्याने गोऱ्या खेळाडूंना हरवून जिंकली. पण वर्णभेदाच्या त्या राजवटीत क्लबच्या इमारतीत त्याला प्रवेश नव्हता. गोरी मंडळी आत बसली होती आणि विजेत्याला करंडक बाहेर पावसात देण्यात आला. ते छायाचित्र जगभर गेले. १९६५ साली त्याने गॅरी प्लेअरसारख्या नामांकित खेळाडूला मागे टाकून तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. पुढे सरकारने त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळण्यास बंदी केली. १९७८ साली तो गरिबीतच वारला. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पापवाची पकड उलटी होती, पण ती दर वेळी तीच होती. म्हणून त्याचा हात बसला. नव्याने शिकणाऱ्याने रूढ पकडच घ्यावी, कारण पुढे शिकवणारा भेटला तर मोडून जोडावे लागत नाही.

आपल्या देशातही मैदानाच्या कष्टांतून वर आलेले खेळाडू आहेत. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. १९९१ साली तो इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरसिया याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत. त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती स्पर्धा जिंकली.

काठ्यांचा पूर्ण संच महाग असतो, सरावाचे चेंडूही फुकट मिळत नाहीत. पण आम्ही वर सांगितलेल्या गोष्टींना एक पैसाही लागत नाही. घरातल्या फरशीच्या जोडरेषा हेच आपले दोन रूळ. एका रेषेला दोन्ही पायांची बोटे लावावीत, समोरच्या रेषेवर चेंडूऐवजी लिंबू ठेवावे. हातात छत्रीचा दांडा चालेल. खांद्यांवर आडवी काठी धरून ती रेषेला समांतर आहे का, हे बहिणीने किंवा आईने पाहून सांगावे. आरशासमोर उभे राहून पाठ तपासावी. रोज दहा मिनिटे, पंधरा-वीस वेळा नुसते उभे राहायचे. फटका मारायचा नाही, नाहीतर घरातले दिवे जातील! मुलींनीही हे करावे. या खेळात ताकदीपेक्षा मांडणीला मोल आहे.

पालकांना एक विनंती. मुलगा कॅडीचे काम करीत असेल तर त्याची शाळा सुटणार नाही, याकडे आधी लक्ष द्या. या खेळात नाव काढणारे थोडे असतात, पोट सर्वांनाच असते. पण शाळा सांभाळून तो संध्याकाळी फरशीवर लिंबू मांडून उभा राहिला, तर त्याला हसू नका. खांदे सरळ आहेत का, तेवढे पाहून सांगा.

पुढील लेखात हिरवळीवरच्या हलक्या फटक्याविषयी लिहू.