प्रकल्पांसाठी गिट सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्राचार्य यांस,

विषय: संगणक प्रयोगशाळेत गिट बसवणे (चौथे निवेदन)

महोदय,

पहिले निवेदन गणपतीच्या सुट्टीआधी दिले, तेव्हा ‘दिवाळीपर्यंत होईल’ असे सांगण्यात आले. दिवाळीनंतर ‘सत्रपरीक्षा होऊ द्या’. परीक्षा झाली, निकाल लागला, दुसरे सत्रही निम्मे सरले.

सर्व गटांचा कोड आजही सर्व्हरवरच्या एकाच सामाईक फोल्डरमध्ये असतो. आमच्या गटाच्या तिथे चार प्रती आहेत: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ आणि ‘हीच घ्या’. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकीने तीन आठवडे खपून हजेरीचे मॉड्यूल पूर्ण केले. दुसऱ्याने घरून पेनड्राइव्हवर जुनी प्रत आणली, पूर्ण फोल्डर पेस्ट केला आणि ‘रिप्लेस’ दाबले. लॅबचे संगणक रीस्टार्ट होताच पुसून पूर्ववत होतात, त्यामुळे तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. लॉगिन सगळ्यांचे एकच, म्हणून हे कोणाच्या हातून झाले ते कळायलाच दोन दिवस गेले. ते दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आढावा बैठकीत शेरा मिळाला, ‘काम दिसत नाही’. काम होते, महोदय. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली, असते तर सर्व्हरने त्याचा पुश (बदल सर्व्हरवर पाठवणे) नाकारला असता, आधी तिचे बदल मर्ज करून घ्यायला लावले असते. आणि तरीही घोटाळा झाला असता, तर आदल्या कमिटवरून, म्हणजे आधी नोंदवलेल्या अवस्थेवरून, सगळे परत मिळाले असते.

लॅबमध्ये इंटरनेट नाही म्हणून गिट चालणार नाही, असे विभागातून तोंडी कळवले गेले. ही गिट आणि गिटहब यांची गल्लत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्स कर्नेलसाठी गिट लिहिले. गिटहब ही इंटरनेटवरची वेगळी सेवा, ती आली 2008 मध्ये. गिटमध्ये कमिट, ब्रँच, जुना इतिहास हे सारे आपल्याच डिस्कवर असते. गटाचे काम एकत्र आणायला लॅबचा सर्व्हर पुरेसा आहे. शुल्क शून्य. सबव्हर्जन ही दुसरी तशीच प्रणालीही सुचवण्यात आली होती, पण त्यात प्रत्येक कमिटला सर्व्हर लागतो, आणि आपला सर्व्हर सकाळी वीज गेली की दुपारपर्यंत उठत नाही.

तरी प्रत्येक संगणकावर गिट बसवावे, आणि रीस्टार्टनंतरही राहील असे बसवावे. सर्व्हरवर प्रत्येक गटाची वेगळी बेअर रिपॉझिटरी (फक्त नोंदी साठवणारे सामाईक भांडार) आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र लॉगिन असावे, म्हणजे लॅब सोडताना पुश करून निश्चिंतपणे घरी जाता येईल. दोन तासांचे एक प्रात्यक्षिक व्हावे. शिकवायला कोणी मोकळे नसेल तर आम्ही शिकवू. डेटाबेसचे पासवर्ड कमिटमध्ये जाऊ नयेत, हे त्याच दिवशी सांगता येईल.

वीज गेली तरी सर्व्हर बंद पडू नये, म्हणून यूपीएसची बॅटरी बदलावी.

हे सारे एका दुपारचे काम आहे. सर्व्हरचा प्रशासक पासवर्ड आमच्याकडे असता, तर आपल्याला चौथ्यांदा तसदी दिली नसती. येत्या सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही कार्यालयात येऊ. या वेळी उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

आपले विद्यार्थी,
अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी

प्रत: मा. विभागप्रमुख
सोबत: आधीच्या तीन निवेदनांच्या पोचपावत्या