झारी कोणाच्या हाती?

शहरातली मुले निसर्गापासून तुटली, अशी ओरड हल्ली सगळीकडे ऐकू येते. त्यावर गच्चीवरची बाग, बाल्कनीतल्या कुंड्या, सुट्टीतले निसर्ग शिबिर असे उपाय सुचविले जातात. उपाय वाईट नाहीत. पण ज्यांच्या घराला गच्चीच नाही, त्यांच्या मुलांनी काय करायचे? पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, सकाळी सार्वजनिक नळावर हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या पोराने कुंडी ठेवायची कुठे आणि तिला पाणी घालायचे कशाने? निसर्गाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

सातारा आणि सांगली ही एकाच कृष्णेच्या काठची माणसे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला सोबत घेते आणि सांगलीत येते. सांगलीच्या नदीकाठच्या सखल वस्त्यांतल्या मुलांना निसर्ग वेगळा दाखवावा लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर होऊन तो अशा वस्त्यांत शिरला. साताऱ्याच्या मुलांना निसर्ग भेटतो तो कासच्या सहलीत. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेले हे पठार सुंदर आहे, यात वाद नाही. पण एका दिवसात फुले पाहून मूल परत येते. त्यापेक्षा स्वतः पेरलेली मेथी तीन-चार दिवसांत माती फोडून वर येताना त्याने पाहिली, रोज पाणी घातले, महिन्याभराने ती खुडून आईच्या हाती दिली, तर ते मूल अधिक शिकेल.

मात्र बाग म्हटली की माती आली, पाणी आले. आणि माती-पाणी म्हटले की आपल्या देशात जात आली. याच साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भिवाचे नाव दाखल झाले. वर्गात बसायला वेगळे गोणपाट आणि तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही! शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणून शाळेतल्या बागेकडे पाहताना आपला पहिला प्रश्न फुलांचा नसतो. झारी कोणाच्या हाती आणि झाडू कोणाच्या हाती, हा आपला पहिला प्रश्न असतो.

आपल्यातलेच काही सुशिक्षित बांधव म्हणतील, "आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या रानात माती उपसली. आता आमच्या पोरांच्या हातात लेखणी आणि संगणक हवा. पुन्हा कुदळ कशाला?" ही भावना समजण्यासारखी आहे. बाबासाहेबांनी खेडे सोडा असे सांगितले ते खेड्यातल्या जातीच्या गुलामगिरीमुळे, झाडापेराच्या भीतीने नव्हे. महार वतनाची वेठ मोडण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले ते जमिनीसाठीच ना? समाजाला माती नको होती असे नाही. मातीवरची वेठ नको होती. कष्ट ज्याचे, फळ त्याचे असेल तर कुदळ धरण्यात कमीपणा कसला?

हे करून दाखविणारा माणूसही याच भागातला. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातीधर्मांची मुले तिथे एकत्र राबली आणि एका पंगतीत जेवली. 'स्वावलंबी शिक्षण' हे ब्रीद आणि वडाचे झाड हे बोधचिन्ह उगाच घेतलेले नाही. काम सर्वांनी करायचे आणि ताट सर्वांचे एक. या वसतिगृहाने मुलांना मातीशी जोडले आणि माणसांशीही जोडले.

मग आज काय करायचे? केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आपल्याकडे तिलाच परसबाग म्हणतात. तेव्हा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या आणि सातारा नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत परसबाग आहे काय, हे पालकांनी जाऊन पाहावे. जागा नसेल तर सिमेंटची रिकामी पोती, तेलाचे डबे, फुटक्या बादल्या चालतात. उसाच्या पाचटाचे खत करता येते आणि या दोन जिल्ह्यांत पाचटाला तोटा नाही. मेथी, पालक, कोथिंबीर, कडेला एक शेवगा, कुंपणावर दोडक्याचा वेल एवढ्यावर सुरुवात होते. पण तीन अटी हव्यात. कामाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी, आडनाव पाहून नव्हे. झाडलोट आणि गटार उपसणे हे 'बागकाम' म्हणून ठराविक मुलांच्या गळ्यात मारू नये. आणि निघालेली भाजी मुलांच्याच दुपारच्या जेवणात पडावी, साहेबांच्या पिशवीत नव्हे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची बाग वाळते. तिथे वस्तीतल्या तरुण मंडळांनी पुढे व्हावे. बुद्धविहाराच्या आवारात फरशी घालताना दोन हात माती मोकळी ठेवावी. तथागतांना बोधी लाभली ती पिंपळाखाली. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, त्या माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. त्यांचे नाव सांगणाऱ्या वस्तीत पोरांना टेकायला सावली नसावी, हे शोभत नाही.

ज्या साताऱ्यात एका मुलाला नळाची तोटी सोडण्याचा अधिकार नव्हता, तिथल्या प्रत्येक शाळेत आज प्रत्येक मुलाने आपल्या हाताने तोटी सोडावी, झारी भरावी आणि रोपाला पाणी घालावे. पालकांनो, येत्या सोमवारी शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना विचारा : परसबाग कुठे आहे, आणि पाणी घालण्याची पाळी आज कोणाची?