बीजपरीक्षा

लग्नाला चार वर्षें होऊन घरांत पाळणा हलला नाहीं, म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनहि जो क्रम सुरू होतो तो वाचकांस ठाऊकच आहे. प्रथम सुनेचे सोमवार, मग रामटेकची किंवा कोराडीची खेप, मग कोणा आप्ताच्या सल्ल्यानें धंतोलींतील एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा दवाखाना. तेथें तिचें रक्त तपासतात, गर्भाशयाचें चित्र घेतात, नलिकांत औषध सोडून त्या मोकळ्या आहेत कीं नाहींत तें पाहतात. यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातें. आणि ज्या परीक्षेंत सुई टोंचावी लागत नाहीं, चिरफाड करावी लागत नाहीं, ती चिरंजीवांची परीक्षा सर्वांत शेवटीं, आणि तीहि पुष्कळ मनधरणीनंतर होते. अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या उदाहरणांत पुरुषाकडील दोषाचा थोडाबहुत वाटा असतो, ही गोष्ट वैद्यकांत आतां वादाची राहिलेली नाहीं. तरी ‘वांझ’ हा शब्द कोणीं पुरुषाला लावलेला आमच्या ऐकिवांत नाहीं.

याला शास्त्राधार आहे असें कोणी म्हणत असेल तर त्यानें ग्रंथ उघडून पाहावे. मनूनें वंध्या स्त्रीला आठव्या वर्षीं बाजूस सारून दुसरी करण्याची मोकळीक दिली, एवढें आपल्या पूर्वजांनीं नेमकें लक्षांत ठेवलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती वाट बंद होईपर्यंत कित्येकांनीं तिचा उपयोगहि केला. पण याज्ञवल्क्यानें आचाराध्यायांत वराची लक्षणें सांगतांना त्याचें पुंस्त्व यत्नपूर्वक पारखून घ्यावें असें म्हटलें आहे, तें कोणाच्या स्मरणांत नाहीं. मिताक्षरेंत त्या परीक्षेची खूणहि दिली आहे : वराचें बीज पाण्यावर तरंगतें कीं नाहीं तें पाहावें. खूण भाबडी खरी, आज तिचा कांहीं उपयोग नाहीं. परंतु परीक्षा विवाहापूर्वीं व्हावी आणि ती वराची व्हावी, हें ज्यांच्या मनांत आलें ते आपल्यापेक्षां धीट होते. चरकानें शुक्राचे आठ दोष मोजले आहेत. सुश्रुतानें गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज अशीं चार कारणें सांगितलीं. आपण चारांपैकीं क्षेत्रच काय तें नांगरीत बसलों.

बीज डोळ्यांना प्रथम दिसलें तें १६७७ सालीं, डेल्फ्ट गांवच्या लेवेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्याला, स्वतः घासलेल्या भिंगांतून. तेव्हांपासून अगदीं परवांपर्यंत परीक्षेची मुख्य रीत एकच राहिली : कांचपट्टीवर थेंब, वर सूक्ष्मदर्शक यंत्र, आणि त्याला डोळा लावून बसलेला मनुष्य. तो निदान दोनशें शुक्रजंतु मोजतो. किती सरळ पुढें जातात, किती जागच्या जागीं वळवळतात, किती निश्चल आहेत, हें लिहितो. मग रंग देऊन डोकें, मान आणि शेंपूट पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमपुस्तकांत, अपत्यवान पुरुषांच्या पाहणीवरून, खालच्या मर्यादा दिल्या आहेत : एका मिलिलिटरांत १ कोटि ६० लाख जंतु, शंभरांत ४२ हलणारे, आणि शंभरांत सुघड अवघे ४. (हा शेवटचा आंकडा वाचून पुष्कळ बापांचा अभिमान उतरेल.)

पण सुघड म्हणावें कोणास? एकाच निबंधाला दोन परीक्षकांनीं दिलेले गुण जुळत नाहींत, हें आम्हां मास्तरांस कोणी सांगावयास नको. प्रयोगशाळेंतहि तेंच. सकाळीं ताज्या डोळ्यानें नापास केलेला जंतु सायंकाळीं पास होऊन जातो. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जें नवें साधन आलें आहे तें या जागीं उपयोगी पडतें. जाणत्यांनीं ‘हा बरा, हा वाईट’ असें नोंदून ठेवलेलीं हजारों चित्रें संगणकाला दाखवितात. त्यांवरून तो आपली पारख बनवितो. नंतर सूक्ष्मदर्शकांतील चलच्चित्र त्याच्यापुढें ठेवलें, कीं प्रत्येक जंतूची वाट, वेग आणि आकार तो टिपून घेतो, आणि शंभराव्या थेंबालाहि पहिल्या थेंबाइतकेंच लक्ष देतो.

हें काम मोजदादीवरच संपत नाहीं. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून परीक्षानलिकेच्या रीतीनें एक कन्या जन्मास आली, तेव्हां त्या रीतींत स्त्रीबीजाभोंवतीं हजारों शुक्रजंतु सोडीत. आंत कोणीं शिरावें तें त्यांचे तेच ठरवीत. १९९२ मध्यें ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनीं एकच जंतु सुईनें बीजांत सोडण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि स्वयंवराच्या जागीं ठरवून केलेलें लग्न आलें. मग वर निवडणारा मध्यस्थ हवाच. आजवर तो प्रयोगशाळेंतील तज्ज्ञ असे. आतां त्याच्या शेजारीं संगणक बसूं लागला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ज्याच्या वीर्यांत जंतु जवळजवळ सांपडतच नसत अशा एका गृहस्थाचा नमुना यंत्राकडे दिला. त्यानें लाखों चित्रें चाळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जंतु हुडकून काढले, आणि सुमारे वीस वर्षें वाट पाहिलेल्या त्या जोडप्यास दिवस राहिल्याचें वृत्त २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें.

तथापि एका उदाहरणावरून हुरळून जाऊं नये. गुरूच्या चुका शिष्यांत उतरतात, आणि यंत्राचे गुरु तेच थकणारे डोळ्यांचे लोक आहेत. शिवाय बाहेरून सुघड दिसणाऱ्या जंतूच्या डोक्यांतील आनुवंशिक द्रव्य शाबूत आहे कीं नाहीं, हें रूप पाहून खात्रीनें कळत नाहीं. यंत्रानें निवड केली म्हणून मुलें अधिक जन्मतात असें अजून भक्कमपणें सिद्ध व्हावयाचें आहे. जाहिरातींत तसें छापलें असेल तर पैसे भरण्यापूर्वीं डॉक्टरांकडे पुरावा मागावा. ‘मुलगाच होईल असा जंतु निवडा’ असें सुचविण्याच्या मोहांत तर कोणीं पडूंच नये. १९९४ च्या कायद्यान्वयें तो अपराध आहे.

सुनेच्या माथ्यावरील डाग उचलून मुलाच्या माथीं लावावा, असा आमचा हेतु नाहीं. शुक्रजंतु तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्या अवधींत मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याची छाया निकालावर पडते. म्हणून एका कागदावर भिस्त न ठेवतां तीन महिन्यांनीं परीक्षा पुनः करावी. वृषणास शरीराहून दोन-तीन अंश थंडावा लागतो. भट्टीजवळ काम करणाऱ्यांस, आणि आमच्या नागपुरी उन्हाळ्यांत दिवसभर मोटार हांकणाऱ्यांस, हें कळलेलें बरें. तंबाखूनें जंतूंची संख्या व गति मंदावते असें तपासण्यांत आढळलें आहे, आणि येथें तर पानठेल्यावरचा खर्रा बी. ए. झालेल्यांच्याहि खिशांत असतो. कोणाच्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात. त्यावर शस्त्रक्रिया आहे. म्हणजे पुष्कळ दोष असे आहेत कीं वेळीं कळले तर हटतात. सुनेवर दोन वर्षें उपचार करून झाल्यावर कळले, तर तिचीं तीं दोन वर्षें परत येत नाहींत, आणि स्त्रीबीजाचें वय कोणासाठीं थांबत नाहीं.

मुलाला हें सांगावयाचें कोणी, हा एकत्र कुटुंबांतील खरा पेंच. वडील संकोचतात, आई त्याची बाजू घेते, आणि सून बोलली तर उर्मट ठरते. आमच्या मतें हें काम थोरल्या भावाचें किंवा मामाचें. तेहि नसतील तर ज्या आजीनें सोमवार सुचविले तिनेंच नातवाला जवळ बसवून सांगावें. तिचा शब्द घरांत कोणी मोडीत नाहीं.