शेवटचे कडवे कापू नका

भीमजयंतीच्या रात्री कोल्हापुरातल्या बिंदू चौकात उभे राहिले की चळवळीची ताकद कानांनी मोजता येते. याच चौकात बाबासाहेबांच्या हयातीत, ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. सोबतीला महात्मा फुले. या दोन महामानवांच्या साक्षीने वस्त्यावस्त्यांतून मिरवणुका येतात, डॉल्बी लागतो आणि ट्रॉलीवर बांधलेल्या पडद्यावर भीमगीतांचे व्हिडिओ सुरू होतात. पोरे नाचतात, आयाबाया नाचतात. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबा-पणजोबांना मान खाली घालून जावे लागत होते, त्याच रस्त्यावर मान वर करून नाचतात. त्यांना नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार नाचणाऱ्यांबद्दल नाही, पडद्याबद्दल आहे.

मागे एक गृहस्थ माझ्याकडे आले. शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यातले. वडील भीमशाहीर होते, आता हयात नाहीत. पिशवीतून त्यांनी एक लांबट वही काढली. कडा कुरतडलेल्या, शाई पुसट झालेली. मग मोबाइल काढून एक व्हिडिओ लावला. गाणे वहीतलेच होते. चाल थोडी बदललेली, ठेका वाढवलेला. पडद्यावर गायक दिसत होता, नाचणारी मुले-मुली दिसत होती, खाली कंपनीचे नाव होते, निर्मात्याचे होते, कॅमेरामनचे होते. गीतकार म्हणून कुणाचेच नाव नव्हते. वहीत चार कडवी होती, व्हिडिओत तीन. चौथे कडवे, ज्यात शाहिराने आपले नाव गुंफले होते, तेवढे गायब.

मी विचारले, "काही लिहून दिले होते का वडिलांनी?" ते म्हणाले, "वकीलसाहेब, लिहून कुठलं देतात? शाल दिली, नारळ दिला, पाकिटात पाचशे रुपये होते. पैशाचं राहू द्या. पण नातू विचारतो, आजोबांचं गाणं म्हणता, मग आजोबांचं नाव कुठं आहे? त्याला काय सांगू?"

या प्रश्नाला कोर्टात उत्तर आहे, ते पुढे सांगतो. पण हा प्रश्न आधी आपल्याला आहे.

नाममुद्रा म्हणजे काय, ते नव्या पिढीने समजून घेतले पाहिजे. संत चोखोबांच्या अभंगात शेवटी त्यांचे नाव येते. ज्याला देवळाच्या पायरीपुढे जाऊ दिले नाही, त्याने आपले नाव अभंगात कोरून ठेवले, म्हणून सातशे वर्षांनीही ते पुसता आले नाही. हीच रीत आपल्या शाहिरांनी पुढे चालवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले, मोठेपणी अक्षरे शिकलेले लोककवी वामनदादा कर्डक हजारो गीते लिहून गेले. त्यांची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात येते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नव्हते, त्याने ते कडव्यावर चढवले. हे कडवे म्हणजे शाहिराचा सातबारा आहे!

आणि त्या कडव्यात केवळ नाव नसते. भीमगीताची बांधणी आठवून पाहा. धृपदात बाबासाहेबांचा गौरव असतो. मधल्या कडव्यांत महाड असते, काळाराम असते, नागपूर असते, रमाईचे कष्ट असतात. शेवटच्या कडव्यात शाहीर ऐकणाऱ्याकडे वळतो आणि विचारतो, अरे, तू काय करणार? पोराला शिकवणार का? दारू सोडणार का? गट-तट विसरून एक होणार का? म्हणजे शेवटच्या कडव्यात नाव आणि जबाब एकत्र असतात. ते कापले की कवीही जातो आणि प्रबोधनही जाते. उरतो तो केवळ जयजयकार.

हे कसे घडत गेले? सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत गाणे हे चळवळीचे शस्त्र होते. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव फिरून, जेवणाची भ्रांत असताना बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत नेला. जलशात गाणारा समोर उभा असे. कुणाचे गाणे आहे ते सांगितल्याशिवाय कार्यक्रम पुढे जात नसे. पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज घराघरांत गेले. हे या गायकांचे मोठे ऋण आहे, ते मान्य केलेच पाहिजे. मग व्हीसीडीचा जमाना आला. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी व्हीसीडीचे स्टॉल लागले. गाणे आता ऐकायचे राहिले नाही, पाहायचे झाले. त्यानंतर यूट्यूब, आणि आता मोबाइलवरचे उभे रील.

प्रत्येक टप्प्यावर गाणे जास्त लोकांपर्यंत गेले आणि लिहिणारा एक पाऊल मागे सरकला. याचे कारण व्हिडिओच्या तंत्रातच आहे. गाणे आधी स्टुडिओत रेकॉर्ड होते. नंतर ते लोकेशनवर मोठ्याने वाजवायचे आणि गायकाने किंवा नटाने त्यावर ओठ हलवायचे. मग संकलक ठेक्यावर कट मारतो. ढोलकीची थाप पडली की चित्र बदलले पाहिजे. वरून ड्रोन फिरतो. हिरव्या पडद्यासमोर उभे केलेल्या नटामागे संगणकावर राजगृह किंवा संसद भवन चिकटवले जाते. या सगळ्यात चेहरा महत्त्वाचा ठरतो. लिहिणाऱ्याचा चेहरा कुठेच नसतो, मग प्रेक्षक ज्याचा चेहरा पाहतो त्याचेच गाणे समजतो. आणि लांबी कमी करायची वेळ आली की कात्री कुठे लागते? शेवटच्या कडव्यावर. रील तर काही सेकंदांचे. त्यात धृपदच काय ते मावते.

तंत्राला माझा विरोध नाही. कोल्हापूरच्या माणसाने कॅमेऱ्याला विरोध करणे म्हणजे आपल्याच मातीला विसरणे. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढून सावकाराच्या जाळ्यात जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. कॅमेरा कशासाठी वापरायचा, हे त्या मूकपटाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. प्रश्न हेतूचा आहे. व्हिडिओ तीन कारणांसाठी निघतो: माल खपवण्यासाठी, गायकाला मोठे करण्यासाठी किंवा काही सांगण्यासाठी. आपला व्हिडिओ यातल्या कोणत्या कारणासाठी निघतो, हे आपण ठरवायचे की कंपनीने?

अमेरिकेत १९८९ साली 'पब्लिक एनिमी' या कृष्णवर्णीयांच्या गटाच्या 'फाइट द पॉवर' या गाण्याचा व्हिडिओ दिग्दर्शक स्पाइक ली यांनी केला. त्यांनी महागडे सेट लावले नाहीत. ब्रुकलिनच्या रस्त्यावर खरा मोर्चा काढला आणि तोच चित्रित केला. लोकांच्या हातात त्यांच्या पुढाऱ्यांची चित्रे होती. गाणे, वस्ती आणि चळवळ एकाच चौकटीत आली. आपल्याकडे याहून सोपे उदाहरण आहे. कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात. मोबाइलवर घेतलेल्या त्यांच्या साध्या व्हिडिओंनी महाराष्ट्र हलवला. तिथे ड्रोन नव्हता, नाचणाऱ्या मुली नव्हत्या. होता तो एका कष्टकरी बाईचा आवाज आणि त्यामागचा अनुभव.

आणि आता अनेक व्हिडिओंत काय दिसते? बाबासाहेब सिंहासनावर, मागे तेजोवलय, वरून फुलांचा वर्षाव. पुढे आलिशान मोटारी, काळे चष्मे, नंग्या तलवारी. ज्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांनाच आपण पडद्यावर देव करून टाकतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी धोक्याचा इशारा दिला होता, तो हे व्हिडिओ काढणाऱ्यांनी एकदा वाचावा. हातातले पुस्तक गेले आणि तलवार आली, हा बदल साधा नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या गाण्याबिण्याचे काय घेऊन बसलात? त्यांना मी शिर्डीची आठवण देतो. २०१५ च्या मे महिन्यात बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन मोबाइलवर वाजली, त्यावरून वाद काढून एका दलित तरुणाचा खून झाला. आपले गाणे मनुवाद्यांना किती टोचते ते यावरून कळते. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, माणसे मेली आणि त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटात त्यांना नावागावासह, वस्तीसह जपून ठेवले. ज्या गाण्यासाठी माणसे जीव देतात, त्या गाण्याच्या लिहिणाऱ्याचे नाव लिहायला आपल्याला जागा नसावी?

हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. मार्च २०२१ मध्ये तमिळमधले 'एन्जॉय एन्जामी' देशभर गाजले. ते लिहिणारा आणि गाणारा अरिवु हा आंबेडकरी कवी. श्रीलंकेतल्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या पूर्वजांची कहाणी त्याने त्यात मांडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका झळकली, अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा मासिकाने त्याच्यासाठी वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. आवाज उठवला म्हणून निघाले, हे लक्षात घ्या.

आता कायदा. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्यात व्हिडिओ हा चित्रपटाच्याच व्याख्येत येतो. कलम १९ सांगते की हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. शाल-नारळाने हक्क जात नाही. लेखी दिले पण मुदत लिहिली नाही, तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा त्याला कंपनीला लिहून देता येत नाही, आणि लिहून घेतले तरी ते रद्दबातल ठरते. याच दुरुस्तीने कलम ५७ मध्येही बदल झाला. 'हे माझे लिखाण आहे' असे सांगण्याचा कवीचा हक्क त्याच्या पश्चात त्याच्या वारसांनाही बजावता येतो. हक्क विकला तरी हा अधिकार विकला जात नाही. कवीच्या कीर्तीला बाधा येईल अशी मोडतोड केली, तर त्याविरुद्धही दाद मागता येते. नाममुद्रेचे कडवे कापणे ही अशी मोडतोड आहे, असे माझे मत आहे आणि ते कोर्टापुढे मांडण्यासारखे आहे. स्वामित्वहक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. आणि दावा लावायला मुंबईला जावे लागत नाही. कलम ६२ प्रमाणे वारस जिथे राहतो तिथल्या जिल्हा पातळीवरच्या न्यायालयात तो लावता येतो.

पण आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांवर दावे लावावेत, ही वेळ का यावी? बहुतेक वेळा गायक आपला, निर्माता आपला, मंडळ आपले. म्हणून कोर्टाआधी मी समाजाकडे येतो. माझ्या मागण्या मोजक्या आहेत. भीमगीताच्या प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीलाच, गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, गीतकाराचे नाव यावे. कवी अज्ञात असेल तर 'पारंपरिक' असे ठोकून न देता आधी शोध घ्यावा. आपल्या बऱ्याच 'पारंपरिक' गाण्यांचे कवी कुठल्या तरी खेड्यात वहीत बंद आहेत. नाममुद्रेचे कडवे गाळू नये. साध्या कागदावर का होईना, करार करावा. आणि जयंती मंडळांनी वर्गणीतून व्हिडिओ लावताना एवढी एकच अट घालावी: ज्यात कवीचे नाव नाही, तो व्हिडिओ आमच्या पडद्यावर लागणार नाही. मंडळांनी मनावर घेतले तर एका जयंतीत हे बदलेल.

ज्यांच्या घरात शाहिरांच्या वह्या आहेत त्यांनी आजच त्यांचे फोटो काढून ठेवावेत. वाळवी कोर्टाची तारीख पाहून येत नाही.

त्या गृहस्थांच्या वतीने आम्ही आधी नोटीस पाठवली नाही. निर्मात्याला फोन केला. तोही बौद्धच निघाला. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला चौथे कडवे आहे हेच माहीत नव्हते, ते पाठवा." मी वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. व्हिडिओखालच्या मजकुरात आता शाहिराचे नाव आले आहे. चौथे कडवे अजून यायचे आहे. ते येईपर्यंत मी फोन करत राहणार आहे, आणि फोनने भागले नाही तर कलम ५७ आहेच.

जयभीम!